स्क्वॉड्रन लीडर आणि स्किफ: खरंच दोन ब्लेंड, की एकाच तंबाखूचे दोन डबे?

दुसरी_काडी

प्रश्न बाळबोध वाटेल, पण गेले तीन आठवडे छळतोय, म्हणून शेवटी धागाच काढला.

माझ्यापुढे सॅम्युअल गॉविथ या कंपनीच्या पाइप तंबाखूचे दोन डबे आहेत, दोन वेगवेगळे ब्लेंड, म्हणजे मिश्रणं. एक स्क्वॉड्रन लीडर, दुसरा स्किफ मिक्श्चर. दोन्हींत व्हर्जिनिया (गोडसर पान), लाटाकिया (धुरी दिलेलं काळं पान) आणि ओरिएंटल, म्हणजे तेच तुर्की पान. कापणी सारखीच. ताटलीत शेजारी शेजारी ओतले तर काळे, तपकिरी, पिवळसर धागे दोन्हीकडे तेच. जिथे वाचावं तिथे लोक छातीठोकपणे लिहितात की स्किफमध्ये ओरिएंटल पुढे आहे आणि स्क्वॉड्रन लीडरमध्ये लाटाकिया.

एक दिवस हा, एक दिवस तो, असं ओढतोय. कधी फरक स्पष्ट जाणवतो: स्किफ जरा कोरडं, आंबूस, स्क्वॉड्रन लीडर गोडसर आणि धुरकट. दुसऱ्या दिवशी नेमकं उलटं वाटतं. काल तर स्क्वॉड्रन लीडर आहे अशा समजुतीत अर्धा बाउल (पाइपची वाटी) संपवला, 'वा, काय गोडवा' असं स्वतःशी म्हटलंही, आणि डबा पाहिला तर स्किफ.

असे जवळजवळचे लाटाकिया-ओरिएंटल ब्लेंड तुम्हाला निव्वळ चवीवरून वेगळे काढता येतात का? की डब्यावरचं नाव वाचून जीभ आपलं मत बनवते? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

राखाडी

नाव वाचूनच. धागा बंद करायला हरकत नाही.

वाचनमात्र

चटई टाकून बसलो आहे. येऊ द्या.

धूरकट

राखाडी, इतक्यात नको हो बंद करायला.

दुसरी_काडी, तुम्ही चुकीच्या ठिकाणी फरक शोधताय. लाटाकिया हा घरातला मोठ्याने बोलणारा माणूस. तो समोर असला की पाहुण्याला वाटतं घरात हा एकटाच राहतो. तो पाणी प्यायला उठेपर्यंत थांबायचं आणि मग बाकीचे काय कुजबुजतात ते ऐकायचं. या ब्लेंडांमधला फरक बहुतेक वेळा त्या कुजबुजीत असतो.

आता डनहिलचे जुने तिघे घ्या: अर्ली मॉर्निंग पाइप, माय मिक्श्चर ९६५ आणि नाइटकॅप. (डनहिलने २०१८ मध्ये पाइप तंबाखूतून अंग काढून घेतलं, आता हेच ब्लेंड पीटरसनच्या नावाने येतात.) यांना वेगळं ओळखणं सोपं आहे, कारण प्रत्येकाची एक खूण आहे. ९६५ मध्ये ब्राउन केव्हेंडिश, म्हणजे दाबून, उष्णता देऊन मऊ केलेली तंबाखू आहे, त्याने सगळ्या कडा गोलसर होतात, धूर जाड आणि मऊ लागतो. नाइटकॅपमध्ये पेरीक, म्हणजे दाबून आंबवलेली तिखट तंबाखू. नाकातून धूर सोडला की मिरीसारखा चटका बसतो, तो चुकूच शकत नाही. अर्ली मॉर्निंग हे सगळ्यांत पातळ. त्यात लाटाकिया बेताचा म्हणून ओरिएंटलचा तो किंचित आंबट, गवताळ सुगंध पहिल्या पाच मिनिटांतच भेटतो.

तुमच्या जोडीत घटक तेच, फक्त माप वेगळं. खूण अशी काही नाही. म्हणून कठीण आहे. पण मी सांगू शकतो दोन्ही. बाउलचा शेवटचा तिसरा भाग लागतो त्याला.

राखाडी

"मी सांगू शकतो" असं म्हणणारे मला आजवर अनेक भेटले. डोळे बांधून घ्यायला तयार झालेला एकही नाही.

मीरशॉमकाका

दुसरी_काडी, एक साधी गोष्ट विचारतो. दोन्ही डबे एकाच पाइपमधून ओढता का? आणि त्या पाइपमध्ये आधी काय जळत होतं?

पाइप ज्याचा करतात ते ब्रायर हे शेवटी लाकूड. आतल्या काजळीच्या थरात जुन्या तंबाखूचं भूत राहतं, आणि लाटाकियाचं भूत सगळ्यांत चिवट. महिनाभर लाटाकिया ओढलेल्या पाइपमध्ये साधी व्हर्जिनिया भरून पाहा, ती सुद्धा शेकोटीजवळ बसून आल्यासारखी लागेल. आज स्किफ ओढताना तुम्ही कालचं स्क्वॉड्रन लीडरही थोडं ओढत असता.

माझा आयडी उगाच नाही. मीरशॉम हे खनिज आहे, त्याचेही पाइप कोरतात. त्यात वास मुरत नाही असं नाही, पण ब्रायरपेक्षा पुष्कळच कमी. तुलना करायची तर मी मीरशॉममधूनच करतो.

आणखी एक. आपण 'लाटाकिया' म्हणतो ते सगळं सारखं नाही. नाव सीरियातल्या बंदराचं, पण आज डब्यात येतो तो जवळपास सगळा सायप्रसचा. सीरियन लाटाकिया शेक-अल-बिंत नावाच्या पानाचा, आणि सायप्रसचा स्मर्ना म्हणजे इझमीर जातीच्या पानाचा. पान वेगळं, धुरासाठी जाळायची लाकडं आणि झुडपंही वेगळी. सायप्रसमध्ये मॅस्टिक, मर्टल, पाइन असलं काय काय त्या आगीत जातं. सायप्रसचा जड, चामड्यासारखा, तळाशी गोडसर. सीरियनला एक कोरडी धार होती, जुन्या वाइनच्या पिंपासारखी. सीरियातली जंगलं आटत गेली तसा हा धुरी देण्याचा धंदाही आटला आणि त्यावर उभे असलेले ब्लेंडही गेले. एका मित्राच्या कृपेने दोन बाउल ओढायला मिळाले होते. त्यानंतर 'सगळा लाटाकिया सारखाच' असं मी कधी म्हटलं नाही.

पानगळ

काका, सुंदर प्रतिसाद. यात एक गंमत लक्षात घ्या सगळ्यांनी: लाटाकिया हे स्वतः ओरिएंटल पानच आहे! उन्हात वाळवलेलं ओरिएंटल पान धुरीवर टांगलं की लाटाकिया. म्हणजे 'लाटाकिया विरुद्ध ओरिएंटल' हे भांडण सख्ख्या भावांचं आहे. एक उन्हात राहिला, दुसरा धुरात गेला.

सीरियात त्याला 'अबू रिहा' म्हणत, म्हणजे सुगंधाचा बाप. उरलेलं पीक आढ्याला टांगून ठेवलं आणि हिवाळाभर खालच्या शेकोटीच्या धुरात ते काळं पडलं, अशी जन्मकथा सांगतात. कथा म्हणून छान आहे.

बिनधुराची_आग

इतकं रसाळ वर्णन वाचून एखादा नवखा सुरू करायचा. पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, असा समज असतो. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषलं जातं. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग पाइपनेही होतो. एवढं सांगून थांबतो.

धूरकट

यावर वाद नाहीच. न ओढणाऱ्याने सुरू करू नये.

राखाडी

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

वाचनमात्र

राखाडी, काय लिहिलं होतं? :)

सप्तपर्णी

रसायनशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून थोडी भर घालते. मी स्वतः ओढत नाही, भावाचे डबे मात्र उघडून हुंगते. (दादा वाचत असशील तर: हो, मीच.)

लाटाकियाचा वास मुख्यतः पानाचा नसून लाकडाच्या धुराचा आहे. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायाकोल, सिरिंगोल, क्रेसोल अशी फिनॉल वर्गातली संयुगं तयार होतात आणि ती पानावर बसतात. पीटच्या धुरात माल्ट वाळवलेल्या स्कॉच व्हिस्कीत हीच मंडळी, पाइनच्या धुरावर सुकवलेल्या लाप्सांग सूचाँग चहातही हीच. म्हणून लाटाकियाचा डबा उघडला की माणसाला व्हिस्की आठवते, चहा आठवतो, डांबर लावलेला दोर आठवतो. ही संयुगं फार कमी प्रमाणातही नाकाला कळतात. त्यामुळे एका मर्यादेपुढे लाटाकिया थोडा जास्त की थोडा कमी, हे ओळखणं नाकाला जड जातं.

ओरिएंटलचं वेगळं आहे. पान छोटं, त्यावर चिकट स्राव देणारे सूक्ष्म केस दाट. त्या स्रावात सुक्रोज एस्टर असतात. ते तापले की ३-मिथाइल व्हॅलेरिक आणि त्याच्या भाऊबंदांतली आम्लं सुटतात. नुसती हुंगली तर चीज, घाम, ओला घोडा असं काहीही वाटेल, पण धुरात अगदी थोडी आली की तोच तो 'ओरिएंटलचा आंबूसपणा'. याशिवाय सिस-अबिएनॉलसारखी संयुगं आहेत, ती मोडून देवदाराच्या, अंबरच्या वळणाचे वास येतात.

तेव्हा दुसरी_काडी, 'आंबूस, कोरडं' ही तुमची पहिली टिपण हवेत नव्हती. फक्त ती कुठल्या डब्याला चिकटवायची, हा प्रश्न उरतो.

दुसरी_काडी

सप्तपर्णी ताई, ओला घोडा! बरोब्बर तोच वास. तीन आठवडे शब्द सापडत नव्हता.

आडवातिडवा

माझा आक्षेप मुळात वर्गीकरणालाच आहे. लोक 'इंग्लिश' आणि 'बाल्कन' असे दोन कप्पे करतात: लाटाकिया वरचढ असेल तर इंग्लिश, ओरिएंटल वरचढ असेल तर बाल्कन. कोणी ठरवलं हे? 'बाल्कन' हा प्रकार नव्हताच, ते एका डब्याचं नाव होतं: बाल्कन सोब्रानी. सोब्रानी हे लंडनचं घराणं, १८७९ सालचं. ते मिश्रण इतकं गाजलं की त्याच्यासारखं जे जे काही असेल त्याला लोक बाल्कन म्हणू लागले. आणि आता त्या नावावरून उलटी व्याख्या करून 'हे खरं बाल्कन नाही' म्हणून वाद घालतात.

बनवणारेही नावं हवी तशी वापरतात. पेन्झन्स हे ब्लेंड घ्या. दाबून केलेली वडी, चुरडून भरायची, लाटाकिया रग्गड. कोणी त्याला इंग्लिश म्हणतं, कोणी बाल्कन. मिळत मात्र कोणालाच नाही, कारण बाजारात आलं की साठेबाज पळवतात.

पानगळ

आडवातिडवा, वर्गीकरण पोकळ आहे हे मान्य. पण ओरिएंटल पानांची नावं पोकळ नाहीत. झान्थी, द्रामा, कवाला, कातेरिनी, सामसुन, इझमीर ही ग्रीस-तुर्कस्तानातली खरीखुरी गावं आणि शहरं आहेत, आणि पान त्या मातीत वेगळं होतं. खडकाळ, निकस जमीन, पाणी कमी, रोपं दाटीने लावलेली. अशा हालात पान तळहातापेक्षाही लहान राहतं आणि सगळा सुगंध त्या एवढ्याशा पानात गोळा होतो. चांगल्या जमिनीत लाड करून वाढवलं तर पान मोठं होतं आणि वास जातो.

बियाणं एका गावाचं, शेत दुसऱ्या गावाचं असंही चालतं. कातेरिनीचं ग्रीसमधलं पूर्ण नावच 'सामसुन कातेरिनी', म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या तुर्की सामसुनचं बियाणं एजियन समुद्राकाठी.

आता गंमत म्हणून: येनिजे हे झान्थीजवळचं छोटं गाव. त्या पानाचा दबदबा इतका की जर्मनीत ड्रेस्डेनला एका सिगारेट कारखानदाराने १९०७ ते १९०९ या काळात मशिदीसारखा रंगीत काचांचा घुमट आणि मिनारासारखी धुरांडी असलेला कारखाना बांधला आणि नाव ठेवलं येनिद्झे. इमारत आजही उभी आहे. तंबाखूच्या जाहिरातीसाठी धुरांड्याचा मिनार करणारा माणूस मला फार आवडतो.

अमेरिकेतल्या मॅक्लेलंडने ग्रँड ओरिएंटल्स नावाची मालिका काढली होती. येनिजे, द्रामा, बाशी बागली, सोखुम, कातेरिनी, सामसुन, एकेका पानाला पुढे करून एकेक डबा. ते घराणं २०१८ मध्ये बंद झालं. त्या डब्यांनी मला ओरिएंटल शिकवलं: सामसुनचा मऊ, लोण्यासारखा गोडवा वेगळा, द्रामाचा कडवट सुगंध वेगळा. तोवर 'ओरिएंटल' हा मला एकच रंग वाटत होता.

राखाडी

दीड शतकाचा इतिहास आला, दोन समुद्र ओलांडून झाले, घुमटही आला. मूळ प्रश्न काय होता कोणाला आठवतंय का? (हलकेच घ्या.)

संख्यावेडा

मला आठवतोय. आणि त्याला उत्तर आहे. मत नव्हे, उत्तर.

त्रिकोणी चाचणी करा. तीन सारखे पाइप. दोनांत एक ब्लेंड, तिसऱ्यात दुसरा. भरणारी व्यक्ती वेगळी, ओढणाऱ्याला काहीच माहीत नाही. त्याने फक्त 'वेगळा कोणता' एवढं सांगायचं. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. अशा सहा फेऱ्या करा. सहापैकी पाच किंवा सहा बरोबर आले तर मानू, कारण निव्वळ नशिबाने तसं घडण्याची शक्यता ७२९ मध्ये १३, म्हणजे शंभरात दोनहून कमी. चार आले तर मी मानणार नाही, चार किंवा जास्त बरोबर येणं नशिबानेही दहात एकदा होतं.

दिवसाला एकच फेरी. जीभ भाजली की दुसऱ्या फेरीला अर्थ नाही.

मीरशॉमकाका

आणि तीन सारखे पाइप म्हणजे कॉर्नकॉब घ्या, मक्याच्या कणसाचे, कोरे. त्यांच्यात जुनं भूत नसतं.

दुसरी_काडी

आव्हान स्वीकारलं. बायको पाइप भरून द्यायला तयार आहे. तिची एकच अट: मी ओढताना गॅलरीत बसायचं आणि तिला चव कशी आहे ते सांगायचं नाही.

धूरकट

बाउल पूर्ण ओढा. पहिल्या दहा मिनिटांत निकाल देऊ नका. मोठ्याने बोलणारा माणूस तेव्हा खोलीतच असतो.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली.

आडवातिडवा

तोवर अवांतर. तुलनेसाठी आणखी एक जोडी सुचवतो: रॅट्रे कंपनीचे ब्लॅक मॅलरी आणि रेड रॅपरी. नावावरून वाटतं एक काळं, एक लाल, म्हणजे जमीन-अस्मान. प्रत्यक्षात चुलत भाऊ. मला मॅलरी जास्त दाट वाटतं, रॅपरी जास्त चटकदार. आणि ज्यांना लाटाकिया नुसता चिमूटभर हवा त्यांनी प्रेस्बिटेरियन मिक्श्चर पाहावं. ब्रिटनचे पंतप्रधान स्टॅनली बाल्डविन यांना एका स्कॉटिश धर्मगुरूने ते ओढायला दिलं आणि नाव बाल्डविन यांनी सुचवलं, असं सांगतात. त्यात लाटाकिया इतका नम्र आहे की ओरिएंटलला बोलायला पूर्ण सभागृह मोकळं.

पानगळ

डबा किती जुना आहे तेही बघा. व्हर्जिनिया मुरत जाते, गोड होते. लाटाकिया उलट वर्षागणिक शांत होत जातो. एकाच ब्लेंडचा ताजा डबा आणि दहा वर्षं जपलेला डबा यांच्यातला फरक कधी कधी दोन वेगळ्या ब्लेंडमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. जुन्या डब्याची आठवण काढून 'पूर्वीसारखं राहिलं नाही' म्हणणारे बहुधा मुरलेल्याची तुलना ताज्याशी करत असतात.

मीरशॉमकाका

बहुधा. नेहमी नाही. :)

दुसरी_काडी

मंडळी, निकाल! सहा दिवस, सहा फेऱ्या, सहाच्या सहा बरोबर!!

संख्यावेडा, मानता का? राखाडी, आहात का?

संख्यावेडा

७२९ मध्ये १. मानावंच लागेल. अभिनंदन.

राखाडी

आहे. एकच विचारतो. दोन्ही डबे एकाच दिवशी उघडले होते?

दुसरी_काडी

नाही. स्क्वॉड्रन लीडर तीन आठवडे आधी उघडला होता. का?

राखाडी

म्हणजे तो जास्त वाळलेला. तुमच्या सहा दिवसांत किती पाइप पहिल्याच काडीत नीट पेटले आणि कोणाला दुसरी लागली, आठवून पाहा बरं.

दुसरी_काडी

...

हो. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवसापासून माझ्या ते लक्षात आलं होतं. ज्याला दुसरी काडी लागते तो स्किफ. मी चव घेत होतो असं मला वाटत होतं, पण पेटवतानाच मन ठरवून मोकळं होत होतं.

वाचनमात्र

आयडी सार्थ केलात.

मीरशॉमकाका

हसू नका कोणी. ओलावा ही चोरवाट फार जणांना फसवते. ओली तंबाखू वाफ धरते, जीभ पोळते आणि गोडवा दडपते. लोक त्याला 'या ब्लेंडचा स्वभाव' म्हणतात. या इंग्रजी वळणाच्या तंबाखूला कागदावर पसरून तासभर हवा द्यावी. चिमटीत दाबल्यावर गोळा न होता हळूहळू उलगडली, तर तयार. दोन्ही डब्यांना सारखं वाळवा, दोन सारख्या बरण्यांत आठवडाभर ठेवा, आणि पुन्हा करा.

दुसरी_काडी

(दोन आठवड्यांनी.)

केलं. कागदावर पसरलं, वाळवलं, दोन सारख्या काचेच्या बरण्या, एकीवर 'अ', दुसरीवर 'ब'. कोणती कुठली हे फक्त बायकोच्या चिठ्ठीवर. पेटायला आता दोन्ही सारखे.

निकाल: सहापैकी तीन.

संख्यावेडा

नुसत्या अंदाजाने खेळणाऱ्यालाही तीन फेऱ्यांतून... क्षमस्व, घाईत चुकीचं लिहीत होतो. असं म्हणा: नुसता अंदाज करणारी शंभर माणसं ही चाचणी द्यायला बसली, तर त्यातली साधारण बत्तीस जण तीन किंवा जास्त बरोबर आणतील. तुमचा निकाल त्यांच्यापासून वेगळा काढता येत नाही.

राखाडी

पहिला प्रतिसाद पुन्हा वाचावा. बाकी काही म्हणणं नाही.

धूरकट

थांबा. दुसरी_काडी, बरोबर आलेले तीन कोणते? त्या दिवशी तिन्ही पाइप शेवटपर्यंत ओढले होते का?

दुसरी_काडी

वही पाहून सांगतो. पहिल्या तीन दिवशी घाई होती, प्रत्येक पाइपचे दहा-बारा झुरके घेऊन निकाल दिला. त्यातला एक बरोबर. नंतरचे तीन दिवस सुट्टी होती, सगळे बाउल तळापर्यंत गेले. त्यातले दोन बरोबर.

आणि हे आकड्याबाहेरचं आहे म्हणून वेगळं लिहितो. शेवटच्या दिवशी तिसऱ्या पाइपमध्ये, राख बरीच झाली होती, धूर पातळ झाला होता, तेव्हा अचानक लाटाकिया बाजूला झाला आणि मागून देवदाराच्या जुन्या पेटीचा वास आला. ओल्या घोड्यासकट. बाकी दोघांत तो नव्हता. त्या वेळी मला शंका नव्हती.

धूरकट

तेच म्हणत होतो मी पहिल्या दिवसापासून.

संख्यावेडा

तीनपैकी दोन हा आकडा नव्हे. आणि निकाल लागल्यावर फेऱ्यांचे गट पाडायचे नसतात. हवं तर 'पूर्ण बाउल' हा नियम आधी ठरवून आणखी सहा फेऱ्या करा.

धूरकट

करा हो दुसरी_काडी. मीही करतो इकडे, डोळे बांधून. राखाडी, साक्षीला या.

राखाडी

येतो. आता तुम्ही स्वतः म्हणताय म्हणून येतो.

दुसरी_काडी

एक अडचण झाली आहे.

बायकोची ती चिठ्ठी टेबलावर घडी करून ठेवलेली होती. परवा काडेपेटी सापडेना. मी मेणबत्तीवर कागदाची घडी पेटवून पाइप शिलगावला. कुठला कागद ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तिला 'अ' कुठलं ते आठवत नाही. मूळ डबे तेव्हाच टाकून दिले. आता माझ्याकडे दोन बरण्या आहेत आणि त्यात काय आहे ते जगात कोणालाच माहीत नाही.

वाचनमात्र

हसून हसून खुर्चीवरून पडलो.

आडवातिडवा

दोन्ही एकत्र करा आणि त्याला 'खरं बाल्कन' म्हणा. निदान माझा वाद मिटेल.

सप्तपर्णी

वहिनींना दोन्ही बरण्या हुंगायला द्या. त्या ओढत नाहीत ना? धूम्रपानाने नाक बोथट होतं, त्यांचं शाबूत असेल. पेटवलेल्या धुरापेक्षा न पेटवलेल्या पानात ओरिएंटलचा वास नाकाला मोकळाही मिळतो.

दुसरी_काडी

सप्तपर्णी ताई, दंडवत घ्या.

झाकणं उघडून दिली. तिने पहिली हुंगली आणि म्हणाली, "ही विझलेली शेकोटी." दुसरी हुंगली, "ही माझ्या आजीची लाकडी पेटी, आत कोणीतरी घोडा बांधलाय." धागा तिने वाचलेला नाही, शपथेवर सांगतो.

मग तिला पाठमोरी बसवलं आणि सहा वेळा उलटसुलट करून एकेक बरणी नाकाशी धरली. सहाच्या सहा. एकेका बरणीला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. पहिल्या पंधरवड्यात पाइप भरतानाही तिला हे कळत होतं म्हणे. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "चवीबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं."

संख्यावेडा

इथे पर्याय दोनच असल्याने ६४ मध्ये १. त्रिकोणी चाचणीइतकं कडक नाही, पण वहिनींनी दोन सेकंद घेतले हे पाहता मी मान्य करतो. दोन ब्लेंड वेगळे आहेत.

राखाडी

वेगळे आहेत, हे न ओढणाऱ्याला कळतं. छान. मग ओढायचं कशासाठी?

धूरकट

राखाडी, रविवारी साक्षीला येताय ना? येताना डोळे बांधायला रुमाल तुमचाच आणा. माझ्या रुमालांना लाटाकियाचा वास येतो.